आमटीची साक्ष

माझ्या दौऱ्याच्या बॅगेत सगळ्यात आधी पळायचे बूट जातात. मग कपडे. उरलेली जागा मी मोकळीच ठेवते, कारण येताना कुणी ना कुणी खायला बांधून देतंच. माझा नवरा सुधीर म्हणतो, "तू कामाला जातेस, पळायला जातेस की जेवायला, हे एकदा कंपनीला नीट सांगून टाक." मी अजून सांगितलेलं नाही, कारण ते मलाही नीट माहीत नाही.

दुधातली फॅट मोजायचं मशीन बनवणाऱ्या पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी काम करते. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर मशीन बसवायचं, तिथल्या माणसांना ते शिकवायचं आणि जुनं मशीन रुसलं असेल तर त्याची समजूत काढायची, हे माझं काम. त्यात एकच अडचण आहे. पळणाऱ्या माणसाची वेळ आणि म्हशीची धार काढायची वेळ एकच असते. भल्या पहाटे पळावं तर संकलनाला झोप येते, आणि संकलन उरकून पळावं तर तोवर कुणाच्या तरी चुलीवर माझ्या नावाचे पोहे पडलेले असतात. आधी पोटोबा मग विठोबा, असं म्हणतात. माझ्या विठोबाला पुष्कळदा ताटकळत उभं राहावं लागतं.

मी बारीक व्हायला पळते, असा लोकांचा समज आहे. माझ्याकडे बघूनही तो टिकतो, याचं मला नवल वाटतं. खरं कारण वेगळं आहे. माझी आई एका साध्याशा सकाळी "पित्त झालंय गं, जरा पडते," म्हणून आडवी झाली आणि उठलीच नाही. ते पित्त नव्हतं, हृदय होतं. तिचं तेव्हाचं वय आता माझ्या अगदी जवळ आलंय. म्हणून मी पळते, आणि पळताना सुरुवातीचा बराच वेळ माझे कान रस्त्याकडे नसतात, छातीकडे असतात. आणि खाते का, तर आई सुगरण होती. तिच्या मरणाची भीती घेतली तशी तिची जीभही घेतली.

या जानेवारीतला दौरा पारनेर, संगमनेर, कोपरगाव आणि परतताना नगर, असा होता. नगरचं आता अहिल्यानगर झालंय. पाट्या बदलल्या, जिभा अजून बदलल्या नाहीत, तेव्हा माझ्याकडूनही इथे नगरच लिहिलं जाईल.

पारनेर

राळेगणसिद्धीला लांबलांबून माणसं बंधारे बघायला येतात. मी तिथून तशीच पुढे जाते, कारण रंगनाथभाऊंचं गाव आणखी आत आहे. रंगनाथभाऊ तिथल्या दूध संस्थेचे सचिव. केंद्राच्या मागेच त्यांचं स्लॅबचं घर, घरामागे गोठा आणि गोठ्यामागून सुरू होणारी टेकडी. चारा टेकडीच्या पलीकडच्या शेतात. तो डोक्यावर आणायचं काम त्यांच्या बायकोचं, मंदावहिनींचं.

संध्याकाळच्या संकलनाला मशीन सुरू केलं. पहिल्याच कॅनला रोजच्यापेक्षा फॅट कमी लागली. ज्यांचं दूध होतं ते संपत नावाचे गृहस्थ मशीनकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"मॅडम, तुमचं मशीन पुन्याचं, आमची म्हैस पारनेरची. वळख व्हायला वेळ लागंल."

"मशीनला ओळख लागत नाही हो."

"मंग तिथंच चुकतंय त्याचं," संपतराव म्हणाले, आणि रांगेतले मागचे चारही जण हसत हसत कॅन घेऊन पुढे आले.

रात्रीचं जेवण मंदावहिनींकडे होतं. पारनेर तालुक्यात सप्ताहाला आमटी-भाकरीचं जेवण असतं, आख्ख्या गावाला पुरेल अशा कढयांतून. त्या आमटीचा मसाला मंदावहिनींनीच भाजायचा, असा त्यांच्या गावात न केलेला ठराव आहे. आमच्या पुण्यात आमटी वाटीत येते आणि "थोडीशीच हं" म्हणत तिची वाट अडवायची रीत आहे. इथे परातीएवढ्या ताटात भाकरी चुरायची, मधे आळं करायचं, त्यात काळीभोर तर्रीदार आमटी ओतायची, आणि ती मुरते न मुरते तोच वरून पुन्हा आमटी. ताटावर हात आडवा धरणं म्हणजे वाढणारीच्या हाताला नाव ठेवणं.

"घ्या वो मॅडम," वहिनी पळी उचलून उभ्याच होत्या. "पळता न्हवं तुमी? मंग जिरंल समदं."

मी घेतली. पुन्हा घेतली. घाम पुसत, नाक ओढत घेतली. वहिनी स्वतः मात्र आमच्याबरोबर बसल्या नाहीत. मागाहून दूध-भाकरी खाईन म्हणाल्या. मला वाटलं, बायकांनी मागून जेवायची जुनी रीत असेल. मी मनातल्या मनात त्या रीतीला दोन शब्द सुनावून घेतले आणि आणखी एक पळी आमटी घेतली.

सकाळचं संकलन उरकलं आणि पोहे यायच्या आत मी बूट चढवून सटकले. उन्हं कोवळी होती, हवेत बोचरा गारवा. बांधापलीकडच्या ज्वारीला कणसं भरायला लागली होती. पुण्यात मी पळते तेव्हा कुणी मान वर करून बघत नाही. इथे प्रत्येक मोटारसायकल माझ्यापाशी थांबली.

"ताई, काय झालं? कोन मागं लागलंय का?"

"नाही हो, व्यायाम करतेय."

"बसा ना, सोडतो की फाट्यावर."

इकडे पायी चालणारं माणूस दिसलं की गाडी थांबवून बसवून घ्यायचं, हा शिरस्ता. पळणारं माणूस म्हणजे तर जास्तच गरजू. मी प्रत्येकाला हात जोडून वाटेला लावलं आणि शेवटी या माणुसकीला चुकवायला डांबरी रस्ता सोडून टेकडीच्या चढावर वळले.

चढ अर्ध्यावर आला आणि छातीत जळजळायला लागलं.

आधी मी पळणं सोडून चालायला लागले. मग थांबले. जळजळ छातीच्या बरोबर मधे होती आणि घशाकडे सरकत होती. मी बांधावर बसले. खाली गाव, केंद्राचा निळा पत्रा, एवढीएवढीशी माणसं. हाका मारल्या असत्या तरी तिथवर पोचल्या नसत्या. आई आडवी झाली तेव्हा तिला नेमकं असंच होत असेल का, हा एकच विचार डोक्यात होता. मला मरायची भीती वाटली. शब्द मोठा आहे, पण वाटलं ते तेवढंच मोठं होतं.

केंद्राकडून संपतराव रिकामे कॅन लावून मोटारसायकलवर टेकडी चढत होते. मला बघून थांबले.

"काय वो मॅडम? बसलात का?"

"छातीत जळजळतंय."

"काल आमटी जेवलात न्हवं वैनीकडं? मंग पित्त हाय ते. वाईच दूध प्या थंड, बसून जाईल."

त्यांनी धीर द्यायला म्हटलं होतं. पण पित्त हा शब्द ऐकला आणि मी बांधावरून उठून थेट त्यांच्या गाडीपाशी गेले. आमच्या घरात त्या शब्दानं एक माणूस नेलंय.

"संपतराव, मला दूध नको," मी म्हटलं. "दवाखान्यात न्या. आत्ता."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. कॅन तिथेच बांधावर उतरवून ठेवले आणि मला मागे बसवलं.

पारनेरच्या खासगी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी ईसीजी काढला आणि मग प्रश्न विचारले, हे मला फार बरं वाटलं. पट्टी पाहिली. रक्त घेतलं. थोड्या वेळानं पुन्हा ईसीजी काढला. मी छताकडे बघत पडले होते. संपतराव दाराशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी हकीकत सांगत होते, त्यामुळे पारनेरात मी आल्याची बातमी माझ्या रक्ताच्या रिपोर्टाआधी फिरली असणार.

अखेर डॉक्टरीणबाई स्टूल ओढून बसल्या. "हृदय उत्तम आहे तुमचं. पळणाऱ्या बाईचं असावं तसं. रात्री काय जेवलात?"

मी सांगितलं. किती, तेही सांगितलं.

"आणि त्यावर सकाळी उपाशीपोटी टेकडी चढलात!" त्या हसल्या. "आम्लपित्त आहे. गोळ्या देते. दोन दिवस मऊ, आळणी खायचं. पण आलात हे फार बरं केलंत. अशा वेळी घरी बसून ठरवायचं नसतं."

जीव भांड्यात पडतो म्हणजे काय, ते मला त्या पलंगावर कळलं. मी रडले, मग हसले, मग सुधीरला फोन केला. तो आधी घाबरला, मग चिडला, मग म्हणाला, "किती पळ्या?" मी फोन ठेवला.

इतक्यात दारात रंगनाथभाऊ आणि मंदावहिनी उभे राहिले. भाऊंचं तोंड उतरलेलं. वहिनींच्या हातात स्टीलचा कडीचा डबा. त्या जिना चढून आल्या होत्या, धापा टाकत होत्या, आणि माझ्याकडे न बघता थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी गेल्या. डबा ठेवून त्यांनी झाकण काढलं. खोलीभर फोडणीचा वास सुटला.

"डॉक्टरीनबाई, ही कालचीच आमटी. चाखून बगा तुमी. आंबलीय का, इटलीय का, तुमीच सांगा."

"अहो, आमटीला कुणी काही म्हटलं नाहीये."

"समदा गाव म्हनतोय! मंदाच्या आमटीनं पुन्याची बाई पडली. उद्या सप्ताहात माझ्या हातची आमटी कोन खाईल? ह्यांनी खाल्ली, पोरीनं खाल्ली, शेजारी वाटी दिल्ती, कुनाला काय झालं का?"

"वहिनी, आमटी झकास होती, मीच बकाबका खाल्ली," मी पलंगावरून म्हणाले. त्यांनी मला हातानंच गप्प केलं. खटला आमटीवर होता आणि त्यात मी फिर्यादी होते.

"आन् जळजळीचं म्हनाल तर मला रोजच जळजळतं. कालच्याला तर मी आमटी चाखलीबी न्हाई. दूध-भाकर खाल्ली. तरी आज सकाळच्याला जळजळलंच की! मंग आमटीचा त्यात काय दोष, सांगा."

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं. "रोज म्हणजे कधी? जेवल्यावर?"

"न्हाई वो, जेवल्यावर न्हाई. चाऱ्याचा भारा घिऊन टेकडी चढाय लागलं की. मधी आंबा हाय, तितं आलं की भारा टेकवावाच लागतो. वाईच थांबलं की जातंय आपोआप. पित्तच हाय ते. म्हून तर मी तिखट सोडलंय."

"हात दुखतो का?"

"डावा भरून येतो. भाऱ्यानं."

"या, इथे झोपा जरा."

"मी कशापाई? मी पेशंट न्हाई, मी आमटी घिऊन आल्येय."

रंगनाथभाऊ एकदा डॉक्टरीणबाईंकडे, एकदा बायकोकडे बघत होते. मी पलंगावरून उठले. वहिनींचा हात धरला. तो गार पडला होता.

"वहिनी, माझी आई पण पित्तच म्हणायची," मी म्हटलं. "ती गेली. तुम्ही झोपा."

त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्याच जागेवर, अजून गरम असलेल्या चादरीवर झोपल्या.

त्यांची पट्टी डॉक्टरीणबाईंनी माझ्यापेक्षा खूप जास्त वेळ पाहिली. मग बाहेर जाऊन फोन केला. एक गोळी चावायला दिली. नगरच्या मोठ्या दवाखान्यात आजच्या आज न्यायचं, चालवायचं नाही, जिनासुद्धा उतरवायचा नाही, असं त्या रंगनाथभाऊंना सावकाश, पुन्हा पुन्हा सांगत होत्या. भाऊ नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते. अँब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून नेताना वहिनींनी मान वळवली.

"मॅडम, म्हशीला तेवडं पानी दाखवा. आन् आमटी सांडू नका."

त्या संध्याकाळचं संकलन मी आणि संपतरावांनी केलं. सचिव नगरला, म्हणून दूध थोडंच थांबतं? फॅट किती लागली, कुणीही विचारलं नाही. कॅन ठेवताना प्रत्येकजण फक्त वहिनींचं विचारत होता. एक म्हातारे आजोबा म्हणाले, "त्या आमटीपायी गेली म्हून बरं, न्हाईतर जन्मात दवाखान्याची पायरी चडली नसती." म्हशीला पाणी दाखवलं. माझ्याकडे बघून ती प्यायली नाही, संपतरावांनी दाखवल्यावर प्यायली.

संगमनेर

दुसऱ्या दिवशी मी संगमनेरला पोचले. काम ठरलेलं होतं, माणसं गोळा केलेली होती. प्रवरेकाठचं हे गाव दुधाचं आणि साखरेचं, सदा गजबजलेलं. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या ट्रकांच्या आवाजात मी दिवसभर फॅट आणि डिग्री, म्हणजे दुधाचा दाटपणा, मोजायला शिकवत होते आणि लक्ष फोनकडे होतं. रंगनाथभाऊंचा फोन लागत नव्हता.

दुपारी संस्थेच्या लोकांनी मला जेवायला नेलं, आणि तिथे ताटात मासवडी आली. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते, नावात मासा असला तरी ही शुद्ध शाकाहारी. बेसनाच्या उकडीत तीळ-खोबरं-लसणाचं सारण भरायचं, वड्या पाडायच्या आणि जाळ रश्शाबरोबर भाकरीशी खायच्या. मी यासाठी वाट वाकडी करून आलेली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. आणि आज माझ्यापुढे दहीभात!

"मॅडम, पथ्य हाय का?" शेजारचे काका हळहळले. "आरारा. तुमच्या वाटनीची मीच खातो मंग. वाया जायला नको." त्यांनी ती माझ्या डोळ्यांदेखत, एकेक वडी रश्शात बुडवून, फार सावकाश खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घातले आणि काढून ठेवले. हृदय उत्तम आहे, हे कागदावर लिहून मिळालेलं होतं. तरीही छातीला हात लावून बसून राहिले. आपल्याला झालं नाही म्हणून हायसं वाटावं तर ते ओझं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर गेलेलं, असं काहीसं वाटत होतं. शेवटी नदीकाठानं नुसती चालून आले. पाणी कमी होतं, पलीकडे धुणी चालली होती.

दुपारी कोपरगावच्या वाटेवर असताना रंगनाथभाऊंचा फोन आला. आवाज इतका बसलेला होता की मला आधी ओळखूच आला नाही.

"मॅडम, एक नळी पार बंद व्हायला आल्ती. काल राती स्टेंट टाकला. डॉक्टर म्हनले, येळंवर आणली." मग ते थांबले. मी ‘हॅलो हॅलो’ करत राहिले. "बोलतीय आता. म्हशीचं इचारतीय."

मी गाडी बाजूला घेतली आणि खूप वेळ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. मग भूक लागली. दोन दिवसांत पहिल्यांदाच खरी, कडकडून भूक. पथ्याचे दोन दिवस संपले होते की नाही, याचा हिशेब मी आपल्या बाजूनं केला आणि गाडी परत मासवडीच्या दिशेनं वळवली. रस्सा मात्र बेतानंच घेतला. इतकीही मी निर्लज्ज नाही.

कोपरगाव

कोपरगावला सकाळी गोदाकाठी धुकं होतं. हंगाम भरात असल्यानं उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू. मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर दुमजली ऊस आणि टेपवर कानठळ्या बसवणारी गाणी. तो रस्ता सोडून मी कालव्याच्या कडेनं पळायला लागले. पायांचा आधी विश्वास बसेना. मी छातीकडे कान दिले. काही नाही. आणखी थोडं पुढे गेले. काही नाही. नंतर कधी तरी पक्ष्यांचा आवाज यायला लागला, उसाच्या पाचटाचा गोडसर वास यायला लागला, आणि आपण मघापासून छातीकडे लक्षच दिलेलं नाही, हे ध्यानात आलं. असं पळणं मला किती वर्षांत मिळालं नव्हतं. मी एकटीच मोठ्यानं हसले.

वळणावर ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, होत्या. तीन दगडांच्या चुलीवर एक बाई बाजरीच्या भाकरी थापत होती. पाथर्डीकडची. मला बघून तिचा हात थांबला.

"कुठं चाललाव, बाई, एवड्या घाईनं?"

"कुठे नाही. व्यायाम."

तिनं ते जरा वेळ मनात घोळवलं. "म्हंजी पळून परत हितंच यायचं?"

"हो."

ती हसत सुटली. आतल्या जावेला हाक मारून तिनं ते पुन्हा सांगितलं आणि दोघी हसल्या. मीही हसले, कारण तसं बघितलं तर ते आहेच हसण्यासारखं. मग तिनं चुलीवरची फुगलेली भाकरी उचलली, वर लसणाचा ठेचा लावला आणि पुढे केली. ठेचा बघून मला डॉक्टरीणबाई आठवल्या. मी तिला सगळं सांगितलं, आमटीपासून. ती ऐकत गेली. शेवटी तिनं ठेचा बोटानं निपटून काढला, भाकरीवर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "मंग असं खावा. वैनीला म्हनावं, गूळ-भाकर खात जा."

ती गरम भाकरी फुंकत फुंकत मी चालत परत आले. पळताना खाता येत नाही आणि खाणं मला सोडवत नाही.

नगर

शेवटच्या दिवशी पुण्याला जायच्या आधी नगरच्या दवाखान्यात गेले. मंदावहिनी पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या, केस चापूनचोपून बांधलेले, पुढ्यात दवाखान्याचं जेवण.

"ही आमटी म्हनं!" त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "बगा. पिवळं पानी. इथल्या डॉक्टरला म्हनलं, मी बरी झाले की कढई घिऊन येते."

रंगनाथभाऊ कोपऱ्यात बसून हसत होते. चार दिवसांत त्यांची दाढी वाढली होती. ते उठले, मला खुर्ची दिली आणि चहा आणायला निघून गेले.

नर्स आली आणि म्हणाली, मावशींना व्हरांड्यात एक फेरी मारायची आहे, हळूहळू. आज पहिलीच. वहिनींचा चेहरा बदलला. त्या पलंगावरून उतरल्या, चपला घातल्या आणि उभ्याच राहिल्या.

"भ्या वाटतंय?" मी विचारलं. त्यांची बोली माझ्या तोंडी कधी आली, मलाच कळलं नाही.

"भ्या न्हाई. रिकाम्या हातानं चालाय लाज वाटती. डोक्यावर भारा न्हाई, काखंत कळशी न्हाई. लोक म्हनतील, काय फिरतीय ही."

पण त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. आम्ही निघालो. व्हरांडा लांबलचक होता, शेवटी एक खिडकी. वहिनी पावलं मोजल्यासारखी टाकत होत्या. त्या कशाची वाट बघताहेत, हे मला चांगलंच ठाऊक होतं. तशी वाट बघत मी कित्येक वर्षं पळलेय.

मधेच त्या थांबल्या. "आता येतंय बग," म्हणाल्या. मॅडमची मी केव्हाच ‘बग’ झाले होते. "एवडं चाललं की येतंच."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. समोरून ट्रॉली गेली. कुणाचं तरी बाळ रडत होतं. वहिनींचा तळवा छातीवर होता.

"आलं का?"

त्या पुन्हा चालायला लागल्या. खिडकीपाशी पोचलो. खाली रस्त्यावर ऊन पडलं होतं, पेरूवाला गाडी लावत होता. वहिनींनी छातीवरचा हात काढला, त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कायच न्हाई गं," त्या म्हणाल्या. "कायच जळत न्हाई."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि माझ्याही. बरं वाटलं की रडायला येतं, हे त्या आठवड्यात मी दुसऱ्यांदा शिकले. त्यांनी पदरानं आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"चल," त्या म्हणाल्या, "आनी एक फेरी मारू."

"डॉक्टरांनी एकच सांगितलीय, वहिनी."

"परत जायाचं म्हंजी फेरीच की ती."

आणि माझा हात सोडून त्या वळल्या. पलीकडून नर्स ओरडली, "मावशी, हळू!" मी नाक पुसत होते, तोवर वहिनी पुढे निघून गेल्या होत्या.